दगडाची भुकटी आणि कार्बनची पावती

बेसॉल्टचा दगड दळायचा, भुकटी शेतात पसरायची आणि हवेतून इतके टन कार्बन डायऑक्साइड काढल्याची पावती विकायची, हा उद्योग गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेतून थेट बाजारात उतरला आहे. डिसेंबर 2023 मध्ये ‘फ्रंटियर’ या खरेदीदारांच्या गटाने ‘लिथॉस’ या कंपनीशी सुमारे 1 लाख 54 हजार टनांचा करार केला. रक्कम होती 5 कोटी 71 लाख डॉलर, म्हणजे टनाला 370 डॉलरच्या आसपास. एप्रिल 2025 मध्ये ‘एक्सप्राइझ’ या बक्षिसं देणाऱ्या संस्थेचं कार्बन काढण्यासाठीचं 5 कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस ‘माटी कार्बन’ला मिळालं, तेही याच पद्धतीसाठी. यामागचं शास्त्र खरं आहे, भूगर्भशास्त्राला ते फार पूर्वीपासून माहीत आहे. माझा आक्षेप पावती कशाच्या आधारावर फाडली जाते याला आहे. आजचा हिशेब प्रामुख्याने मातीत किती दगड विरघळला यावर मांडतात आणि मग मॉडेलच्या आधाराने त्यातून काही टक्के वजा करतात. माझ्या मते विरघळलेल्या दगडाला कार्बनचा टन म्हणूच नये. मुळांच्या खाली उतरलेल्या पाण्यात जेवढं जास्तीचं बायकार्बोनेट, म्हणजे पाण्यात विरघळून बांधला गेलेला कार्बन, सापडेल, तेवढाच टन धरावा. आणि तोवर भुकटी पसरण्याचा खर्च क्रेडिटच्या, म्हणजे या पावतीच्या, विक्रीतून न काढता वेगळ्या खात्यातून द्यावा.

आधी रसायन थोडक्यात. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहा ते शंभर पट असतं, कारण मुळं आणि जिवाणू सतत श्वसन करत असतात. तो पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होतं. हे सौम्य आम्ल सिलिकेट खनिजांतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवतं. आम्लातला हायड्रोजन दगडात खर्ची पडतो आणि पाण्यात बायकार्बोनेट उरतं. ते झिरपून नदीत, नदीतून समुद्रात जातं आणि तिथे हजारो वर्षं टिकतं. निसर्गात हे विदारण, म्हणजे दगडाची अशी झीज, अखंड चालू आहे. वर्षाला सुमारे एक अब्ज टन कार्बन डायऑक्साइड त्यातून बांधला जातो, तर माणूस जीवाश्म इंधनांतून 37 अब्ज टनांहून अधिक सोडतो. दगड दळून हा वेग वाढवायचा, एवढीच कल्पना आहे. कणांचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच वजनाच्या भुकटीचा पृष्ठभाग दुप्पट होतो.

बेसॉल्टमध्ये 10 टक्के कॅल्शियम ऑक्साइड, 7 टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड आणि थोडं सोडियम-पोटॅशियम धरलं, तर एक टन दगड पूर्ण विरघळल्यावर जास्तीत जास्त 300 ते 350 किलो कार्बन डायऑक्साइड बांधला जाईल. शुद्ध मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हिन या सिलिकेट खनिजाला हाच आकडा सव्वा टनापर्यंत जातो. गोम ‘पूर्ण विरघळल्यावर’ या शब्दांत आहे. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात खनिजं ज्या वेगाने विरघळतात, त्याच्या शेकडो ते हजारो पट सावकाश ती खऱ्या जमिनीत विरघळतात. कणांवर लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे थर चढतात, कोरड्या महिन्यांत पाणी नसतं, आणि बारीक कण आधी संपून जाडे मागे राहतात.

शेतावरच्या प्रयोगांपैकी सर्वात जास्त उद्धृत होणारा प्रयोग अमेरिकेतल्या इलिनॉयमधला आहे. मका आणि सोयाबीनच्या जमिनीत चार वर्षं, दरवर्षी हेक्टरी 50 टन बेसॉल्टची भुकटी घातली गेली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की चार वर्षांत मिळून हेक्टरी 10.5 टन कार्बन डायऑक्साइड बांधला जाण्याची क्षमता निर्माण झाली, चुकीची मर्यादा अधिक-उणे 3.8 टन. उत्पादन 12 ते 16 टक्क्यांनी वाढलं. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण हेक्टरी 200 टन दगडाला 10.5 टन म्हणजे टनाला 50 किलोच्या आसपास, तोही ‘संभाव्य’ आकडा. मातीतून किती कॅल्शियम-मॅग्नेशियम गेलं यावरून तो काढलेला आहे. संशोधकांनी ‘संभाव्य’ हा शब्द जपून वापरला. विक्रीच्या कागदावर तोच शब्द सर्वात आधी गळतो.

मातीवरचं मोजमाप किती अवघड आहे ते एका शेतापुरतं पाहू. हेक्टरी 20 टन बेसॉल्ट घातला आणि तो वरच्या 10 सेंटीमीटरच्या थरात नीट मिसळला असं धरू. घनमीटरला 1.3 टन या हिशेबाने त्या थरात हेक्टरी 1300 टन माती असते. दगडात कॅल्शियम 7 टक्के, म्हणजे जमिनीत 1.4 टन कॅल्शियमची भर पडली. मातीच्या वजनाच्या तुलनेत ही वाढ 0.11 टक्का. वर्षभरात त्यातला पाचवा हिस्सा विरघळला असं उदारपणे मानलं, तर शोधायचा फरक किलोमागे सुमारे 220 मिलिग्रॅम येतो. आता त्याच शेतात कॅल्शियम मुळातच 0.8 टक्का आहे आणि एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत त्यात 15 टक्क्यांचा चढउतार आहे असं समजा. एरवीच्या शेतांत एवढा चढउतार नेहमीचाच. तो किलोमागे 1200 मिलिग्रॅम होतो. तीस ठिकाणचे नमुने घेतले तर सरासरीतली चूकच 220 मिलिग्रॅमच्या आसपास राहते. आधीच्या आणि नंतरच्या फेरीतला फरक काढताना ती 310 वर जाते. म्हणजे जे शोधायचं त्याहून चूक मोठी. हीच चूक फरकाच्या 20 टक्क्यांवर आणायची तर प्रत्येक फेरीला जवळजवळ 1500 नमुने लागतील. दोन्ही फेऱ्यांत त्याच बिंदूंवरून नमुने घेतले तर हा आकडा बराच खाली येतो, पण त्यासाठी बिंदूंची जागा सेंटीमीटरभराच्या अचूकतेने सापडावी लागते आणि मधल्या काळात नांगरट झालेली नसावी लागते.

या अडचणीवर टायटॅनियमची युक्ती काढलेली आहे, आणि ती हुशारीची आहे. बेसॉल्टमधलं टायटॅनियम सहजासहजी विरघळत नाही, त्यामुळे ते मातीत जसंच्या तसं राहतं. मातीत टायटॅनियम किती वाढलं यावरून भुकटी किती मिसळली ते कळतं. तेवढ्या भुकटीबरोबर जेवढं कॅल्शियम-मॅग्नेशियम यायला हवं होतं, त्यापेक्षा कमी सापडलं तर तेवढं विरघळून गेलं असा अर्थ. भुकटी एकसारखी पसरली नाही, कुठे जाड कुठे पातळ पडली, याचा फटका या पद्धतीला फारसा बसत नाही. तरी तिची अट अशी की दगडात टायटॅनियम मातीपेक्षा खूप जास्त हवं. वालुकामय किंवा ग्रॅनाइटपासून बनलेल्या जमिनीत हे जमतं. बेसॉल्टपासूनच तयार झालेल्या काळ्या जमिनीत, ज्याचं ठळक उदाहरण म्हणजे दख्खनचं पठार, मातीत टायटॅनियम आधीच भरपूर असतं आणि भुकटीची खूण त्यात बुडून जाते. शिवाय खाणीतून येणारा प्रत्येक लॉट सारखा नसतो. एका थरातला दगड दुसऱ्यापेक्षा टायटॅनियममध्ये 10 टक्क्यांनी वेगळा निघाला, तर सगळा हिशेब तेवढ्याने हलतो. म्हणून दर लॉटचा नमुना शेतावर येण्याआधीच तपासून, सीलबंद करून ठेवायला हवा. हे करारात लिहिलेलं नसेल तर पुढचं सगळं गणित हवेत.

समजा, हे सगळं नीट केलं. दगडातून कॅल्शियम किती सुटलं ते बिनचूक कळलं. तरी कार्बन बांधला गेला असं ठरत नाही. सुटलेलं कॅल्शियम जातं कुठे?

पहिलं ठिकाण मातीतली चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि त्यावर धनभारित आयन चिकटतात. आम्लधर्मी जमिनीत यातल्या बऱ्याच जागा हायड्रोजन आणि ॲल्युमिनियमने अडवलेल्या असतात. कॅल्शियम आलं की ते या मंडळींना हुसकावून त्यांची जागा घेतं. बाहेर पडलेला हायड्रोजन पाण्यातल्या बायकार्बोनेटला गाठतो आणि त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड करून हवेत पाठवतो. दगड विरघळला, कॅल्शियम सुटलं, आणि कार्बनच्या खात्यात शून्य. ही जागा किती मोठी असते? धन आयन विनिमय क्षमता, म्हणजे असे आयन धरून ठेवण्याची एकूण ताकद, किलोला 20 सेंटीमोल असलेल्या जमिनीत 40 टक्के जागा आम्लाकडे असतील, तर फक्त वरच्या 10 सेंटीमीटरच्या थरात हेक्टरी 4.6 टन कार्बन डायऑक्साइडच्या तोलाचं कॅल्शियम गिळण्याची ताकद आहे. वर घातलेल्या 20 टन बेसॉल्टची एकूण क्षमताच सहा-सात टनांची. आणि खालचा दोन मीटरचा थर अजून बाकीच आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: ही गळती कायमची नाही. जागा भरत गेल्या की पुढचं कॅल्शियम खाली सरकू लागतं आणि बायकार्बोनेट त्याच्यासोबत जातं. म्हणून यातले जाणकार ‘तोटा’ न म्हणता ‘उशीर’ म्हणतात. अलीकडच्या मॉडेलिंगच्या अभ्यासांत हा उशीर जमिनीनुसार काही वर्षांपासून कित्येक दशकांपर्यंत येतो. आता पावती घेणाऱ्या कंपनीचं उत्सर्जन या वर्षीचं आहे. त्याच्या बदल्यात पुढच्या तीस वर्षांत कधीतरी उतरणारा टन आजच जमा दाखवणं म्हणजे चेक वटण्याआधी खात्यातून पैसे काढणं. गंमत अशी की ज्या आम्लधर्मी जमिनींत दगड लवकर विरघळतो आणि शेतकऱ्याला सर्वात जास्त फायदा होतो, त्याच जमिनींत हा उशीरही सर्वात मोठा असतो. मातीवरच्या मोजमापात मात्र अशी शेतं सर्वात चांगली दिसतात.

दुसरं ठिकाण खतांचं आम्ल. अमोनियम आणि युरिया यांचं जिवाणू नायट्रेट करतात, तेव्हा नायट्रिक आम्ल तयार होतं. पिकाने ते नायट्रेट उचललं तर मुळं त्या बदल्यात आम्लता कमी करतात आणि हिशेब जुळतो. नायट्रेट निचऱ्याबरोबर वाहून गेलं तर आम्ल मागे राहतं. युरियातून 100 किलो नत्र दिलं आणि त्यातलं निम्मं नायट्रेट होऊन वाहून गेलं, तर मागे राहिलेलं आम्ल सुमारे 157 किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोलाचं बायकार्बोनेट खाऊ शकतं. 20 टन बेसॉल्टचा दहावा भाग वर्षात विरघळला तर त्यातून मिळायचे जेमतेम 600 किलो. म्हणजे चौथा हिस्सा खतानेच खाल्ला. या आम्लाने दगड विरघळतो, उलट जोरात विरघळतो, पण हवेतला कार्बन त्यात येत नाही. मातीत कॅल्शियम कमी झालेलं दिसतं आणि आकडा चांगला येतो.

बाकीच्या वाटा झटपट सांगतो. कोरड्या, जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत कॅल्शियमचा चुना, म्हणजे कार्बोनेट, होऊन बसतो. त्यात कार्बन राहतो, पण अर्धा परत सुटतो. काही मॅग्नेशियम नव्या चिकणमातीच्या खनिजांत अडकतं. नदीत काही टक्के वायू उडून जातो, आणि समुद्रात पोहोचल्यावर तिथल्या समतोलामुळे आणखी सुमारे 15 टक्के कमी धरावे लागतात. नदी-समुद्रातल्या या कपातीसाठी मॉडेल वापरायला माझी हरकत नाही, कारण तिथलं रसायन नीट माहीत आहे आणि कपात लहान आहे. हरकत आहे ती शेत आणि नदी यांच्या मधल्या दोन-चार मीटर मातीबद्दल. कपात सर्वात मोठी तिथेच होते आणि मॉडेल सर्वात कच्चं तिथेच असतं.

म्हणून पाणी. निचऱ्याच्या पाण्यात काय आहे हे एका नमुन्यावर पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण शेतातल्या पाण्यात असेच सापडू शकतात. भुकटी घातलेल्या पट्ट्याखालच्या पाण्यात लिटरला कॅल्शियम 2.0 मिलिमोल, मॅग्नेशियम 1.0, सोडियम-पोटॅशियम मिळून 0.5. धन भारांची बेरीज 6.5. समोरच्या ऋण भारांच्या बाजूला नायट्रेट 1.5, सल्फेट 0.5 (भार 1.0) आणि क्लोराइड 0.5, बेरीज 3.0. उरलेले 3.5 म्हणजे अल्कता (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता), आणि ती बहुतांशी बायकार्बोनेट. शेजारच्या भुकटी न घातलेल्या पट्ट्यात हाच हिशेब 5.3 वजा 3.0, म्हणजे 2.3 आला. फरक 1.2, म्हणजे लिटरला 53 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. वर्षात 300 मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली उतरत असेल तर हेक्टरी 30 लाख लिटर, आणि त्यातून 158 किलो. हा पावतीचा टन. इथे नायट्रेटची वजाबाकी आपोआप झाली, चिकणमातीने गिळलेलं कॅल्शियम मोजलंच गेलं नाही, चुना होऊन बसलेलंही नाही. (तो चुना खरोखर टिकून राहिला तर त्यातल्या कार्बनचा वेगळा हिशेब पुढे मांडता येईल. त्यासाठी समस्थानिकांची तपासणी लागते.)

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उघडी पडते, जी भुकटीच्या जाहिरातींत कधी येत नाही. खाली उतरणारं पाणी 300 मिलिमीटरऐवजी 100 असेल, तर तेवढाच फरक असूनही हेक्टरी 53 किलोच मिळतील. पाण्यात बायकार्बोनेट वाटेल तेवढं मावत नाही. एका मर्यादेनंतर चुना साका धरू लागतो. तेव्हा ज्या जमिनीतून पाणी खाली झिरपतच नाही, तिथे कितीही बारीक दळा, कार्बन समुद्राकडे न्यायला वाहनच नाही. प्रकल्पाची जागा निवडताना पहिला प्रश्न दगड किती लांबून येणार हा विचारतात. वर्षाला किती पाणी मुळांच्या खाली उतरतं, हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा.

पाणी मोजणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. शोषण-लायसीमीटर, म्हणजे सच्छिद्र सिरॅमिकची टोपी असलेली नळी, 60 ते 100 सेंटीमीटर खोलीवर पुरतात आणि निर्वात दाबाने पाणी ओढतात. कोरड्या दिवसांत पाणी येतच नाही, आणि जोराच्या पावसात पाणी भेगांतून टोपीला वळसा घालून निघून जातं. म्हणजे ज्या दिवशी सर्वात जास्त पाणी खाली जातं, नेमकं त्याच दिवशी उपकरण त्यातलं थोडंच पकडतं. नवी सिरॅमिक टोपी स्वतःच काही आयन सोडते किंवा धरते, म्हणून ती आधी आम्लाने धुऊन आणि त्याच मातीच्या पाण्याने मुरवून घ्यावी लागते. नमुना हाताळताना होणारी चूक तर सर्वात जास्त आढळते. मातीच्या पाण्यात दाबलेला कार्बन डायऑक्साइड असतो. बाटली अर्धी भरली की तो वरच्या पोकळीत उडतो, सामू चढतो आणि बाटलीतच चुना बसू लागतो. मग प्रयोगशाळेत कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही कमी निघतात. म्हणून जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, बाटली काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, 4 अंशांवर ठेवायची आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी टायट्रेशन करायचं, म्हणजे मोजून आम्ल टाकत अल्कता काढायची. पाणी पिवळसर असेल तर सेंद्रिय आम्लंही अल्कतेत मोजली जातात. अशा वेळी भारांची बेरीज-वजाबाकी आणि टायट्रेशन दोन्ही करून ताडून पाहायचं.

जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकलेली शेतं या कामाला सर्वात उत्तम. अख्ख्या शेताचं पाणी एका तोंडाशी येतं, तिथे प्रवाहमापक बसवता येतो आणि प्रवाहाच्या प्रमाणात आपोआप नमुने घेता येतात. लहान पाणलोटांची जोडी, एकात भुकटी आणि एकात नाही, हा त्याहून विश्वासार्ह पण महाग मार्ग. दोन्हीत तुलनेचा पट्टा हवाच. तुलनेच्या पट्ट्यात शेतकरी एरवी जे करतो तेच झालं पाहिजे, हा मुद्दा तर कायमच विसरला जातो. शेतकरी चुनखडी घालणार होता, तर तुलनेच्या पट्ट्यातही चुनखडी घालायला हवी, कारण चुनखडीही पाण्यात अल्कता सोडते. तिला वगळून केलेली तुलना भुकटीच्या खात्यात चुनखडीचं काम जमा करते.

यावर प्रकल्प चालवणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो निरर्थक नाही. ते म्हणतात, करारात पैसे टन हाती आल्यावरच मिळतात. टनाची व्याख्या इतकी कडक केली तर पहिली काही वर्षं हाती काहीच येणार नाही, कंपन्या बुडतील, आणि मोठ्या क्षेत्रावर प्रयोग झाले नाहीत तर मोजमाप तरी कसं सुधारणार? शिवाय दर शेतात लायसीमीटर पुरणं परवडत नाही. दुसरा भाग मला मान्य आहे. दर शेतात पाणी मोजायची गरज नाही. मातीचा प्रकार, पाऊस आणि पीकपद्धत यांच्या प्रत्येक गटासाठी काही शेतं पक्की निवडावीत, तिथे पाच-दहा वर्षं पाणी मोजावं, आणि त्या गटातल्या बाकी शेतांना त्या मोजमापाशी जुळवलेलं मॉडेल लावावं, तेही अंदाजाच्या खालच्या टोकाने. पाणीच न मोजलेल्या गटाला पावतीच नाही.

पहिल्या भागाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पैसे लवकर हवेत हे खरं, पण त्यासाठी टनाची व्याख्या सैल करायची काय गरज? भुकटी जमिनीचा सामू सुधारते, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सिलिकॉन देते. हे फायदे पहिल्याच हंगामात मातीच्या साध्या तपासणीत दिसतात आणि त्यांची किंमत चुनखडीच्या किमतीवरून ठरवता येते. हा पैसा शेती सुधारणेच्या अनुदानातून यावा. मोजमापाचा पैसा संशोधनाच्या निधीतून यावा. उरलेला, टनाचा पैसा पाण्यात टन दिसल्यावर यावा. आज हे तिन्ही खर्च एकाच क्रेडिटवर लादलेले आहेत, म्हणून त्या क्रेडिटमध्ये टन लवकर दाखवण्याची घाई असते. नव्या पद्धतींनी, म्हणजे झाडं लावणं वगळून, जगभर वर्षाला काढला जाणारा कार्बन 2024 च्या आढाव्यात 13 लाख टनांच्या आसपास होता. इतक्या लहान बाजारात एक-दोन पद्धतींची पत गेली तर बाकीच्यांचे खरेदीदारही पळतील. चुकीच्या टनाने तात्पुरतं वाचलेलं भांडवल पुढे सगळ्यांना महागात पडेल.

आणि अशा पावत्या कोळसा-तेलाच्या उत्सर्जनावर उतारा म्हणून वापरू नयेत, निदान तोवर तरी. ज्याच्या चुकीची मर्यादा इलिनॉयसारख्या नीट बांधलेल्या प्रयोगातही एक तृतीयांशाहून मोठी आहे, तो टन धुराड्यावर बसवलेल्या मीटरच्या टनाशी वजा करणं बरोबर नाही. खरेदीदाराला मदत करायची असेल तर ती मदत म्हणून नोंदवावी, वजाबाकी म्हणून नको.

वाहतुकीचा हिशेबही याच शिस्तीत बसतो. ट्रक टन-किलोमीटरला साधारण 100 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो असं धरलं, तर 200 किलोमीटरवरून आणलेला टनभर दगड पोहोचेपर्यंत 20 किलो खर्च झाले, रिकामा ट्रक परत गेला तो वेगळा. दगडाच्या एकूण 300 किलोंतून हे किरकोळ वाटतं. पहिल्या वर्षी दहावा भाग विरघळणार असेल तर मात्र 30 किलोंपैकी 20 गेले. खाणीत आधीच पडून असलेली क्रशरची बारीक डस्ट वापरली तर दळण्याची वीज वाचते. पण वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेल्या ढिगातले सर्वात बारीक, सर्वात उपयोगी कण आधीच झिजलेले असू शकतात, म्हणून ताज्या आणि जुन्या डस्टला एकच आकडा लावू नये.

शेवटी जमीन कोणाची, हा प्रश्न राहतो. ऑलिव्हिनने भरलेल्या ड्युनाइटसारख्या दगडात कार्बन बांधण्याची क्षमता जास्त, पण निकेलही 0.2 ते 0.3 टक्के असतं. हेक्टरी 20 टन म्हणजे जमिनीत सुमारे 50 किलो निकेल, वरच्या थरात किलोला 38 मिलिग्रॅमची वाढ. सांडपाण्याचा गाळ घालायच्या जमिनींसाठी युरोपीय नियमांतली निकेलची मर्यादा किलोला 30 ते 75 मिलिग्रॅम आहे. म्हणजे एकाच वेळी घातलेल्या दगडाने ती गाठली जाऊ शकते, आणि निकेल परत काढता येत नाही. बेसॉल्टमध्ये हे प्रमाण खूप कमी असतं, तरी दरवर्षी 50 टन घालायचे तर तेही साठत जातं. सर्पेन्टाइन हे खनिज असलेल्या दगडात ॲस्बेस्टॉसचे घातक तंतू असू शकतात, त्यामुळे असा दगड शेतात आणूच नये. भुकटी ओलसर करून पसरायची, नाहीतर ट्रॅक्टरवरच्या माणसाच्या छातीत जाते.

म्हणून शेतकऱ्याबरोबरच्या करारात निदान एवढं असावं: दर लॉटचा रासायनिक अहवाल त्याच्या हातात, निकेल आणि क्रोमियम या धातूंची सगळ्या वर्षांची मिळून कमाल मर्यादा, पसरण्याआधीच्या मातीचा नमुना दोन प्रतींत, एक त्याच्याकडे आणि एक तिसऱ्या पक्षाकडे. आणि कंपनी बंद पडली तरी पुढच्या किमान दहा वर्षांच्या माती-पाणी तपासणीचा खर्च आधीच बाजूला काढलेला. पाण्याचे आणि मातीचे सगळे कच्चे आकडे खुले. आज यातले बरेच आकडे व्यापारी गुपित म्हणून बंद राहतात, आणि ज्या मॉडेलच्या भरवशावर पावती फाडली जाते ते तपासायला बाहेरच्या माणसाकडे काहीच उरत नाही.

असा करार झाला तर पहिल्या दोन-तीन वर्षांत पावत्या फारच थोड्या निघतील, काही शेतांत एकही नाही. ज्या गटांत त्या निघतील, तिथे निचऱ्याचं पाणी भरपूर असेल, जमिनीतल्या विनिमयाच्या जागा आधीच कॅल्शियमने भरलेल्या असतील आणि खताचं नत्र कमी वाया जात असेल. भुकटी आधी कुठे घालायची आणि कुठे घालायची नाही, याचा नकाशा तिथूनच तयार व्हायला सुरुवात होईल.